थांबण्याच्या जागा

डिसेंबरातलं नाशिक. त्र्यंबक रोडवरचं धुकं अजून उठलेलं नाही, सातपूरच्या आमच्या शेडमध्ये लेथचं लोखंड हाताला चावतंय आणि दादा शेगडीशी उकिडवे बसून एका दातेरी रिंगचा रंग बदलायची वाट पाहताहेत.

गाडी जुनी डॉज. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवलेली. एका ओळीत सहा सिलिंडर, त्यांच्या पायाशी लांबलचक क्रँक आणि तिच्या दोन टोकांना दोन चाकं. मागचं फ्लायव्हील : प्रत्येक स्फोटाचा धक्का पोटात घ्यायचा आणि पुढच्या धक्क्यापर्यंत पुरवून पुरवून द्यायचा, कुंभारानं काठी काढून घेतल्यावरही त्याचं चाक गरगरत राहतं ना, तसं. पुढचा डॅम्पर मात्र लाजाळू. त्याचं काम दिसतच नाही.

लांब क्रँक प्रत्येक धक्क्याला केसभर पिळते, सुटते, पुन्हा पिळते. आणि एखाद्या ठरावीक वेगाला ही पीळ अन् ते धक्के एका तालात आले, की नेमक्या क्षणी रेटा मिळालेल्या झोपाळ्यासारखी तिची थरथर वाढतच जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा क्रँका मोडायच्या. मग इंग्लंडातल्या फ्रेडरिक लँचेस्टरनं तिच्या टोकाला एक सैलसर जोडलेलं वजन दिलं. क्रँक दचकली तरी ते दचकत नाही, मागे रेंगाळतं, आणि त्या ओढाताणीत थरथरीची नुसती ऊब होऊन जाते.

ऊब!

आमच्या डॅम्परमधलं रबर वाळून खडखडीत झालं होतं. दादांनी मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढली, इंजिन थोडं चालवलं, बंद केलं. रेघ तुटली होती. कडं आपल्या जागेवरून घसरत होतं आणि त्याच्यावरची टायमिंगची खूण इतके दिवस खोटं बोलत होती.

फ्लायव्हीलची गोष्ट निराळी. क्लच घासून घासून त्याच्या तोंडावर मोराच्या मानेसारखे निळे डाग उमटलेले. ते लेथवर अगदी हलका हात मारून काढले. पण रिंगचे दात पाहताना दादा थांबले. खडूनं त्यांनी तीन खुणा केल्या. तिथले दात बोथट, बाकीचे जवळजवळ नवे.

“फिरून नाही झिजलेलं हे,” ते म्हणाले. “थांबून झिजलंय.”

किल्ली बंद केली की इंजिन घरंगळत राहतं आणि शेवटी कुठल्या तरी सिलिंडरात दाबलेली हवा त्याला अडवते. सहा सिलिंडर म्हणजे अडायच्या जागा तीनच. स्टार्टर रोज सकाळी त्याच दातांना चावणार.

मला आमच्या जुन्या घरातली शहाबादी फरशी आठवली. आई दिवसभर घरात फिरायची, पण फरशी गुळगुळीत झाली ती तीनच ठिकाणी : ओट्यापाशी, देवघरासमोर आणि खिडकीखाली, जिथं ती रात्री दादांच्या स्कूटरचा आवाज ऐकायला उभी राहायची. ती गेल्यावर खिडकीखाली दादा उभे राहू लागले. कुणाच्या स्कूटरसाठी, ते मी विचारलं नाही.

रिंग वाळल्या गवताच्या रंगाला आली. याच्या पुढे ताव दिला तर दातांचं पाणी उतरतं. दादांनी सांडशीनं ती उचलली, खडूच्या खुणेपासून साठ अंश फिरवली आणि फ्लायव्हीलवर सोडली. टक्क! बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात, तशीच. फक्त इथं पाणी ओतायचं नाही. जसजशी निवेल, तसतशी तिची तीच आवळत जाईल. आम्ही दोघं काही न बोलता हात शेकत बसलो.

चार दिवसांनी, नवं रबर बसून आलेला डॅम्पर चढवला आणि संध्याकाळी गाडी सुरू केली. दादांनी मडगार्डवर पंजा टेकला, डोळे मिटले आणि मला हळूहळू रेस वाढवायला सांगितली. ज्या वेगाला आधी सगळा पत्रा झणझणायचा, तो वेग आला आणि गेला. दादांच्या हाताखाली काहीच झालं नाही.

“बंद कर.”

इंजिन घरंगळलं, अडलं, किंचित मागे सरून स्थिर झालं. दादा बॅटरी घेऊन गाडीखाली वाकले. बराच वेळ तसेच राहिले.

“दोन नंबरला थांबलंय,” खालून आवाज आला.