शासन या शब्दाचे दोन अर्थ

माणसांसारखे शास्त्रांनाही नशीब असते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला साबणाचा भाव कोणी विचारीत नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने मंडईतला कोबी निवडून द्यावा, अशीही कोणाची अपेक्षा नसते. पण राज्यशास्त्राचा प्राध्यापक आमच्या खोलीत शिरला, की त्याने चहाचा कप ओठाला लावण्यापूर्वीच प्रश्न येतो, "काय, यंदा कोण निवडून येणार?" आणि घरात एखाद्या मुलीने हा विषय घ्यायचा म्हटले, की आई विचारते, "का ग, पुढारी व्हायचंय का?" शाळेत इतिहासाच्या शेपटाला बांधलेले नागरिकशास्त्र आपण सर्वांनीच घोकलेले असते. राष्ट्रपतीचे अधिकार पाठ केले, पेपर लिहिला, विसरून गेलो. राजकारण म्हणजेच राज्यशास्त्र, अशी आपली समजूत त्यामुळे कायम राहते.

मी मराठीचा शिक्षक. मला शास्त्रातले फारसे कळत नाही, पण शब्दांशी खेळण्याची खोड आहे. या शास्त्राचे आपल्याकडचे जुने नाव दंडनीती. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली, त्यांतही एक दंड आहेच. मराठीत दंड म्हणजे काठी आणि दंड म्हणजे भरावयाची रक्कमही. 'शासन' हा शब्द तर याहून मौजेचा. शासन म्हणजे सरकार, आणि शासन म्हणजे शिक्षा! चोराला कडक शासन व्हावे असे आपण म्हणतो, आणि शासनाने रस्ता करावा असेही म्हणतो. एकाच शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ कसे नांदतात, याचे मला नवल वाटे. त्याचा उलगडा शब्दकोशात झाला नाही. तो हेमलकशाला झाला.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन मी तिकडे गेलो होतो. आलापल्ली मागे पडली, की भामरागडच्या वाटेला दोन्ही बाजूंनी जंगल सोबत करते. भामरागडच्या थोडे अलीकडे हेमलकसा. १९७३ साली बाबा आमटे यांनी येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे येथे येऊन राहिले. त्या वेळी वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, आणि पावसाळ्यात नद्यांना पूर आला की हा सारा मुलूख जगापासून तुटे. औषध देण्याआधी या डॉक्टरांना माडिया भाषा शिकावी लागली. १९७६ साली शाळा निघाली. पाहुणे येतात ते बहुधा तिथले बिबटे पाहायला. आमचीही मुले आधी तिकडेच धावली. पण संध्याकाळी शेकोटीशी बसलो असताना आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "सर, डॉक्टर येण्याआधी इथे सरकार कुठे होतं?"

मी तिला चटकन उत्तर देऊ शकलो नाही. पण राज्यशास्त्र सुरू होते ते याच प्रश्नापाशी. निवडणुका, पक्ष, मंत्रिमंडळे हे सारे पुढचे. पहिला प्रश्न असा, की हुकूम कोणी करायचा, तो कोणत्या हक्काने, आणि दुसऱ्याने तो का मानायचा?

सरकार तेथे नव्हते असे नाही. ते कायद्याच्या रूपाने झाडाझाडावर बसलेले होते. बांबूचेच पाहा. वनस्पतिशास्त्र सांगते, की बांबू हे गवत आहे. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडांच्या व्याख्येत घातले. गवताचे झाड झाले आणि त्याच्याबरोबर त्याचा मालकही बदलला. ज्याच्या बापजाद्यांनी बांबूच्या टोपल्या विणल्या, त्याला बांबू तोडण्यासाठी परवानगी लागू लागली. आणि याच जिल्ह्यातल्या जंगलांतून बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे ट्रक भरभरून बांबू जाऊ लागला. आपण ज्या कागदावर नागरिकशास्त्र घोकले, त्यातला काही त्या बांबूचाही असेल. अशा जागी शासन या शब्दाचे दोन अर्थ वेगळे राहत नाहीत. जंगलातल्या माणसाला सरकार भेटते तेच मुळी दंडाच्या रूपाने.

पुढे २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली त्याच्या प्रास्ताविकातच आहे. पण मला त्याच्या नावातला एक शब्द अधिक मोलाचा वाटतो. हा कायदा वनहक्कांच्या 'मान्यतेचा' आहे. हक्क देण्याचा नाही. दिलेली वस्तू परत घेता येते. मान्य करायची ती गोष्ट आधीपासून असावी लागते. माणसाचे हक्क राज्य निर्माण करते, की ते राज्याच्या आधीचे असतात, यावर युरोपातल्या पंडितांनी तीनशे वर्षे ग्रंथ लिहिले. आपल्या संसदेने एका शब्दात पक्ष घेतला. या कायद्याने बांबूला गौण वनोपजांत घातले आणि तो गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क गावाचा मानला. मात्र जुन्या कायद्यातले 'झाड' २०१७ पर्यंत उभेच होते!

हा हक्क कागदावरून हातात कसा येतो, हे त्याच गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखविले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावची. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा, हे भांडण उरलेच. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले, तेव्हा परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

या गावाची आणखी एक रीत मला फार आवडली. ग्रामसभेतले निर्णय तेथे बहुमताने होत नाहीत. सर्वांच्या सहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला, तरी बोलणे पुढे चालू राहते. आणि या सभेच्या जोडीला अभ्यासमंडळे आहेत. तेथे कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, वाद घालायचा. पण निर्णय मात्र घ्यायचा नाही. निर्णयाची जागा ग्रामसभा. अभ्यास करणाऱ्याने हुकूम करू नये आणि हुकूम करणाऱ्याने अभ्यासावाचून करू नये, ही गोष्ट पुष्कळ राजधान्यांना अजून साधलेली नाही.

आपल्या शहरी घरांत याचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्या अंगणात बांबू नसतो हे खरे. पण सोसायटीच्या गच्चीवर कोणाचा हक्क, समोरचे मैदान कोणी आणि कोणाला विचारून विकले, नळाला पाणी किती वाजता यायचे, हे कोणीतरी ठरवीतच असते. बैठकीला आपण जात नाही, नोटीस वाचत नाही, आणि मग 'शासनाने काहीतरी केले पाहिजे' म्हणून पंख्याखाली बसून राहतो. म्हणून मुलीने राज्यशास्त्र घ्यायचे म्हटले, तर तिला पुढारी व्हायचे आहे का हे विचारू नये. हे कोणी ठरविले, असे विचारायला ती शिकणार आहे. घरात तो प्रश्न पहिल्यांदा आपल्यालाच विचारला जाईल, एवढी तयारी मात्र ठेवावी.