पथ्य स्वभावाला झेपायला हवं

वजनाचा विषय निघाला की महाराष्ट्रात दोन नावं हमखास येतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत आटपा, मध्ये काही खाऊ नका. ऋजुता दिवेकर यांचा सल्ला जवळपास उलटा: थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खा. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं मी पाहत आले आहे आणि काही आठवड्यांत पथ्य सोडून दिलेलीही. या दोन पद्धतींतला वाद इन्सुलिनवर, चयापचयावर रंगतो. ते पथ्य पाळणाऱ्या माणसाच्या स्वभावाविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला वाटतं, पथ्य कोणतं याच्याइतकंच ते कोणाला झेपणार हेही महत्त्वाचं आहे.

याला आधार आहे. 2005 साली अमेरिकेत 160 जणांना अ‍ॅटकिन्स, झोन, ऑर्निश आणि वेट वॉचर्स या चार पद्धतींत विभागून वर्षभर पाहिलं गेलं. चारही गटांत सरासरी घट थोडीच आणि साधारण सारखी होती. फरक पडला तो पथ्य किती नेटाने पाळलं यावर. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने 609 जणांवर कमी चरबी आणि कमी कर्बोदकं यांची तुलना केली, तेव्हा वर्षाअखेर सरासरी घट 5.3 आणि 6 किलो निघाली. प्रत्येक गटात मात्र कुणाचं वजन पंचवीस किलोहून जास्त उतरलं, तर कुणाचं वाढलं. पाळणं हे बऱ्याच अंशी स्वभावाचं काम असतं. बाल्टिमोरच्या दीर्घकालीन पाहणीत 1,988 जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. 2011 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार सर्वांत उतावळ्या दहा टक्के लोकांचं वजन सर्वांत संयमी दहा टक्क्यांपेक्षा सरासरी 11 किलोंनी जास्त होतं.

म्हणून स्वतःला विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत. एक पेढा खाऊन डबा बंद करता येतो का? येत असेल, तर ‘थोडंसं चालेल’ हा नियम पुरेसा आहे. येत नसेल, तर पेढा घरात न आणणंच सोपं, कारण एकदा ‘नाही’ ठरलं की दर वेळी मनाशी वाटाघाट करावी लागत नाही. अशा माणसाला दोनच जेवणांची काटेकोर चौकट आवडते. सतत चाखत राहणाऱ्याला तीच तुरुंगासारखी वाटते. कुणाला रोजचं वजन वहीत लिहिल्यावर हुरूप येतो, तर कुणाचा एका वाढलेल्या आकड्याने सगळा दिवस जातो. अशा दुसऱ्या माणसाने आकड्याऐवजी कंबरेचा पट्टा पाहावा. चारचौघांत राहणाऱ्याने चालायलाही सोबत शोधावी. 1999 च्या एका अमेरिकी अभ्यासात मित्रांसह आलेल्या आणि एकमेकांना आधार देणाऱ्यांपैकी 66 टक्क्यांनी दहाव्या महिन्यापर्यंत उतरलेलं वजन पूर्ण राखलं. एकट्याने आलेल्यांत हे प्रमाण 24 टक्के होतं.

कुणी म्हणेल, हे राशिभविष्यच झालं. चार प्रश्नांची चाचणी घेऊन माणसाला एखाद्या खणात टाकणारे तक्ते मलाही पटत नाहीत. स्वभाव कमी-जास्त प्रमाणात असतो, त्याला खण नसतात. शिवाय स्टॅनफर्डच्या त्याच प्रयोगात जनुकं आणि इन्सुलिन तपासूनही कुणाला कोणता आहार लागू पडेल हे आधी सांगता आलं नव्हतं, तेव्हा प्रश्नावलीवर भाबडा विश्वास नकोच. मागे कोणतं पथ्य किती टिकलं आणि नेमकं कुठे मोडलं, ही स्वतःची नोंद मला जास्त भरवशाची वाटते. दुसरा आक्षेप असा की ‘माझा स्वभावच असा’ ही पळवाट होईल. पळवाट तेव्हा होते जेव्हा माणूस तिथेच थांबतो. स्वभाव ओळखून नियम बदलणारा थांबलेला नसतो.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या, उरलेलं वाया जाऊ नये म्हणून संपवणाऱ्या बाईला स्वतःच्या ताटाची वेळही ठरवता येत नाही. रात्रपाळीच्या कामगाराचंही तेच. तिथे स्वभावाचं बोलण्याआधी घराने बदलायला हवं: उरलेलं कोण संपवणार, जेवण किती वाजता, गोड किती वेळा, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणांची संख्या स्वभाव पाहून नव्हे, डॉक्टरांना विचारूनच बदलावी. जेवण चुकलं की साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. बाकीच्यांनी शेजाऱ्याला लागू पडलेलं पथ्य उचलण्याआधी आपलं मागचं पथ्य का मोडलं, एवढं कागदावर लिहून पाहावं.