घरची काळी बिअर

सारी नोकरी आम्ही मध्य प्रदेशच्या आबकारी खात्यात काढली. मोहाच्या भट्ट्या मोडल्या, पिंपे उलटवली. तेच आम्ही लीड्सला मुलाच्या स्वयंपाकघरात गिनेससारखी काळी बिअर करू लागलो, तेव्हा सौभाग्यवतींना हसू आवरेना. इंग्लंडात १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही. विकता मात्र येत नाही. हे वाचून मगच आम्ही पातेल्यास हात लावला.

दहा हिश्श्यांत सात मोड आणून वाळवलेले सातू, दोन पोह्यांसारखे चपटे केलेले आणि एक कॉफीसारखा काळा भाजलेला. रंग आणि करपट खमंगपणा त्या एका हिश्श्याचा. ही भरड ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवली की पिष्टाची साखर होते. मग गाळून, हॉप्स घालून उकळायचे, निवले की यीस्ट.

आंबणे संपण्याआधीच, घाईने, आम्ही साखर घालून बाटल्या भरल्या. एका रात्री दोन फुटल्या, छतापर्यंत शिंतोडे! उरलेल्यांची बुचे हलकेच उचलून वायू सोडला.

चव बरीच जवळ गेली. सायीसारखा फेस काही जमला नाही. डब्लिनवाले १९५९ पासून नायट्रोजन वापरतात, आमच्या बाटलीत नुसता कार्बन डायऑक्साइड.

कॉलेजात असताना तोंडाला वास आला म्हणून याच मुलाशी आम्ही चार महिने अबोला धरला होता. त्याने पहिला पेला आमच्यापुढे सरकवला.

"नमुना घ्या, बाबा," एवढेच म्हणाला. आम्ही घेतला.