तांबट आळीतले कान

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आता पूर्वीसारखी वाजत नाही, अशी हळहळ पुष्कळांना वाटते. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार, त्यांचे बंब, हंडे, घागरी, आणि दिवस उजाडल्यापासूनचा तो ठणठणाट. पुढे स्टील आलं, प्लास्टिक आलं, गीझर आला. गेलेल्या आवाजासाठी आपला गळा दाटून येतो. तो आवाज ज्यांच्यात जिरला, त्या कानांचं सुतक मात्र कुणी धरलं नाही.

तापवून मऊ झालेलं तांबं मठारलं की पुन्हा कडक होतं. ठोक्याला ठोका लागून बसावा लागतो, तेव्हा कुठे भांड्याच्या अंगावर ती चमचमती नक्षी उठते. भांडं पोकळ, जागा अरुंद, हातोडी कानापासून हातभर. मोठा आवाज आला की कानातला एक इवलासा स्नायू आवळतो आणि त्याला अडवू पाहतो. पण आवळेपर्यंत ठोका आत गेलेला असतो. संध्याकाळी कानाला दडे, रात्री गुणगुण, सकाळी सगळं ठीक. असं करता करता एका सकाळी ठीक होत नाही. त्याला आळीत म्हणायचे, कान सरावले. सरावले कसले, मेले.

व्हेनिसच्या तांबटांचे कान असेच जातात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, हे इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७१३ साली लिहून ठेवलं. तीनशे वर्षांत निदान बदललेलं नाही. आज बहिरेपणाचा हा प्रकार कामगार-सुरक्षेच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत आहे. घरातल्या दोन-तीन माणसांच्या कामाला तो कायदा विचारतच नाही.

टुक टुक करणारा, लाल कपाळाचा तांबट पक्षी तुम्ही ऐकला असेल. पक्ष्यांच्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी मेल्या तरी नव्या उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. झाडावरच्या तांबटाला मिळालेली ही मुभा आळीतल्या तांबटाला नाही, आणि याचा मला राग येतो, जरी राग कुणावर धरायचा हे ठाऊक नसलं तरी.

उपाय मात्र काही रुपयांचा आहे. फोमचे बोळे चिमटीत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. कापूस घालून भागत नाही. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचा हिशेब आहे. १०० डेसिबलला उरतो पाव तास. पाव तासात बंब होत नाही. आज हातोडी धरणाऱ्या पोरांनी पहिल्या ठोक्याआधी बोळे घालावेत.

म्हाताऱ्या कारागिरांना आता बोळ्यांचा उपयोग नाही. त्यांच्या कानातून आधी बारीक, उंच आवाज गेले: नातवंडांचे, आणि स, त, च यांसारख्या व्यंजनांचे. कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. पाच, सात, आठ. तिन्हींतून नुसता ‘आ’ उरतो. म्हणून मागून ओरडू नका, ओरडण्याने व्यंजनं परत येत नाहीत. समोर, उजेडात उभे राहा. पाचशेतला ‘प’ ओठांवर दिसतो, सातशेला ओठ मिटत नाहीत. भाव तसाच सांगा, आणि फार घासाघीस करू नका.