सोयाबीनच्या शिवारातून तुला

शेतातल्या जैवविविधतेस,


तुझं नाव काढलं की आमच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्यातली काळविटं आठवतात. तीही तुझीच. पण मी तुला शिवारात शोधतो आहे. खरिपात कारंज्याहून रिसोडकडे निघालं की दोन्ही अंगांना सोयाबीनच. मध्येच तुरीचं एखादं तास दिसतं, तेवढीच तुझी खूण.

त्या तासाची किंमत शेतकरी जाणतो. सोयाबीन शंभरेक दिवसांत काढणीला येतं. तुरीचं सोटमूळ खोल जातं आणि ती डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. शेंगा भरताना पावसानं ताण दिला, सोयाबीन हातचं गेलं, तरी मागाहून फुलणारी तूर थोडंफार सावरून घेते. पूर्वी याच रानात ज्वारी, मूग, उडीद, तीळ असत, धुऱ्यावर अंबाडी असे. ज्वारीच्या कणसांवर आलेली पाखरं शेजारच्या पिकातल्या अळ्या टिपत, तिळाच्या फुलांवर मधमाश्या येत, कडब्यावर बैल जगत. ज्वारी गेली, कडबा गेला, गोठे रिकामे झाले. मग शेणखत कुठून येणार?

२०२३च्या खरिपात विदर्भातल्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरला. त्याचा विषाणू पांढरी माशी वाहून नेते, आणि धुऱ्यामागून धुरे ओलांडताना तिला आडवं येणारं वेगळं पीक फारसं नव्हतंच. जगातही हेच चाललं आहे: अन्नासाठी लावल्या जाणाऱ्या सुमारे ६,००० वनस्पतींपैकी अवघ्या ९ पिकांतून ६६ टक्के उत्पादन येतं, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते.

शेतकऱ्यानं तुला हाकललं, हे मात्र मला मान्य नाही. सोयाबीन दिवाळीच्या तोंडाशी नगदी पैसा देतं आणि हरभऱ्यासाठी रान मोकळं करतं. ज्वारीच्या वाट्याला राखण, रानडुकरं आणि पडलेला भाव. ज्याचं कर्ज मृगाआधीच डोक्यावर आहे, त्यानं एकट्यानं तुला का सांभाळावं?

जैवविविधता कायदा २००२चा. त्याखालच्या गावसमित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात झाडापाखरांइतकीच बियाण्यांनाही जागा हवी: कोणत्या घरात राख लावून गावरान तूर जपली आहे, कोणती ज्वारी कमी पावसात तगते, ते कुणाला विचारायचं. हे सांगणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या बायका असतील. त्यांच्याकडे आत्ताच जायला हवं. आणि सरकारनं ज्वारी-तिळाची खरेदी पेरणीआधी जाहीर करून वेळेवर करावी. तेवढं झालं, तर तुरीच्या तासाशेजारी दोन तासं ज्वारीची पेरायला इथले शेतकरी तयार होतील.

तुझा,
वाशीमचा एक रहिवासी