शेवटचे दोन प्रयोग

संगीत नाटकाच्या अखेरीस भरतवाक्य असते. नाटक मंडळीच्या अखेरीस ते क्वचितच असते. १९१३ साली किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे वैभव आले, वैभवाहून मोठे कर्ज आले, १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला, आणि १९३५ साली बालगंधर्व 'धर्मात्मा' बोलपटात एकनाथ झाले. १९१८ साली निघालेल्या दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीलाही बोलपटाचीच वाट धरावी लागली. कर्जाने होणाऱ्या शेवटाला तारीख नसते. उद्याच्या उत्पन्नातून आजचे देणे भागवायचे असताना 'हा आमचा अखेरचा प्रयोग' असे हस्तपत्रकावर छापणार कोण?

कधी तारीख असते, पण ती कोणाला ठाऊक नसते. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झाले. केशवराव भोसले आणि बालगंधर्व एकाच रंगमंचावर उभे राहिले. ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. त्या रात्री ऐकणाऱ्यांना हे आधी कळले असते, तर त्यांनी अधिक मन लावून ऐकले असते काय? मला वाटते, त्यांना नीट ऐकताच आले नसते.

हा प्रश्न मजपुढे उभा राहिला तो आमच्या पाच जणांच्या संचामुळे. जयपूरच्या उत्तरेस, सीकर रोडलगत विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. येथील रस्त्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. मराठी माणसाला पत्ता सांगताना थोडे उदासच वाटते. आम्ही दोघे केंद्र सरकारचे कारकून, दोघे कारखान्यांतले, एक मुरलीपुऱ्यातील शिक्षक. पेटी, तबला, गिटार, खंजिरी आणि गळा. चित्रपटगीते गायची नाहीत, पदे आपली आपण रचायची, एवढाच आमचा बाणा. भांडण कोणाचे झाले नाही. एकाच पंधरवड्यात बदल्यांचे दोन हुकूम निघाले.

निरोपाचा कार्यक्रम करावा की नाही, यावर मात्र वाद झाला. तबलजी म्हणाले, "हा तर जिवंतपणी तेरावा!" गिटारवाल्याने अमेरिकेतल्या 'द बँड' या संचाचा दाखला दिला. त्यांनी २५ नोव्हेंबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये हजारो श्रोत्यांना आधी सणाचे जेवण वाढले आणि मग अखेरची मैफल केली. मार्टिन स्कॉर्सेसीने टिपलेला तिचा चित्रपट १९७८ साली आला. "आणि १९८३ मध्ये ते परतले," तबलजी उत्तरले, "बोलावा पुन्हा पंगतीला!" मुंबईचा 'रॉक मशीन' संच १९८४ मध्ये निघाला, १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झाला, १९९७ मध्ये मोडला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला, हेही त्यांनीच ऐकवले. मला या परतण्यात लबाडी दिसत नाही. सासरी निघालेली मुलगी रडते ती काही पुन्हा माहेरी यायचे नाही म्हणून नव्हे.

अखेर दोन कार्यक्रम ठरले. पहिला मराठी कुटुंबांसाठी, आणि तो फसला. बदलीच्या समारंभांची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली! शाल, श्रीफळ, चार भाषणे; तिसऱ्या वक्त्याने तर आमच्या 'निष्कलंक सेवेचा' गौरव केला. गाण्यांना उरला पाऊण तास.

दुसरा झाला एका कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तीन वर्षे आम्ही तिच्यामागच्या खोलीत तालीम केली होती. समोर पाळी संपवून आलेले कामगार, कोणी बिहारचे, कोणी उत्तर प्रदेशाचे, कोणी शेखावाटीचे. मराठी कोणालाच येत नव्हते. आमच्या मते जी उत्तम, ती सारी पदे झाली. टाळ्या पडल्या, पण बेताच्याच. तेव्हा मागून रात्रीचा चौकीदार उठून म्हणाला, "बाबूजी, वो धीमी वाली तो रह गई."

ते पद आम्ही वर्षापूर्वीच कच्चे म्हणून टाकून दिले होते. तालमीत मात्र गळा तापवायला ते आधी म्हटले जाई, आणि भिंतीपलीकडे दर शनिवारी पाळीवरची माणसे ते ऐकत आली होती. आम्ही सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याचे शब्द गायकाला आठवेनात. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे शब्दांवाचूनच चाल गुणगुणू लागले आणि त्यांच्या आधाराने पद पार पडले. तबलजींनी मान वर केली नाही. ठेका मात्र त्यांनी कधी नव्हे इतका सावकाश धरला होता.

पेटी जड, भाता जुना. इतक्या दूरच्या प्रवासाला ती टिकली नसती. कारखान्याच्या स्टोअरकीपरने ती ठेवून घेतली, नोंदवहीत 'हार्मोनियम, नग १, चालू' असे लिहिले आणि त्यापुढे माझी सही घेतली.