‘चुकलं असेल तर क्षमा करा’

ग्रामसभेत बोलण्याची पाळी आली तेव्हा आमच्याजवळ माहिती पक्की होती. आमच्या आळीतील सातांपैकी चार विहिरींचे पाणी मचूळ झाले होते, आणि जवळच्याच बोअरवर रोज रात्री टँकर भरले जात होते. सारे वहीत टिपून नेले होते. उभे राहिलो आणि तोंडून निघाले ते असे : ‘म्हणजे, आम्हांला आपलं वाटतं, पाणी जरासं खारट झालंय बहुधा... चुकलं असेल तर क्षमा करा, पण जमलं तर कुणीतरी बघावं, नाही का?’ अध्यक्षांनी हसून मान डोलावली व पुढचा विषय घेतला. वही मिटलेलीच राहिली.

थोड्या वेळाने भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या एक मावशी उठल्या. ‘माझ्या विहिरीचं पाणी गुरंसुद्धा पीत नाहीत. वांगी जळाली. टँकर बंद करा.’ इतिवृत्तात नोंद झाली ती त्यांच्या बोलण्याची. शाळा आम्ही त्यांच्याहून अधिक शिकलो होतो, हे येथे सांगितलेच पाहिजे.

अशी कचरती बोली ही स्त्रियांची बोली, असे अमेरिकेतील भाषाभ्यासक रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ साली मांडले. पुढे विल्यम ओ’बार व बोमन अ‍ॅटकिन्स यांनी न्यायालयांतील साक्षी तपासल्या. १९८० साली त्यांनी दाखवून दिले की, समाजात खालच्या पायरीवर असलेले पुरुषही तसेच बोलतात. एकच साक्ष दोन तऱ्हांनी ऐकवली, तेव्हा अडखळत, ‘बहुधा’ म्हणत दिलेली साक्ष ऐकणाऱ्यांना कमी विश्वासार्ह वाटली. मजकूर तोच होता!

आमच्या जिभेला ही सवय कोठून लागली? वडीलधाऱ्यांपुढे, फादरांपुढे, साहेबांपुढे हळू बोलावे, हे आम्ही लहानपणापासून शिकलो. त्यात वाईट काही नाही. पण नम्रता आमच्याविषयी असावी. विहिरीच्या पाण्याने कोणाची क्षमा मागायची? मोशेनेही जड जिभेची सबब सांगितली होती. देवाने सोबतीला अहरोन दिला, फारोपुढे जाण्यातून मात्र सुटका दिली नाही.

पुढच्या सभेत आम्ही वही उघडूनच उभे राहिलो. आवाज कापत होता. चारही विहिरी कोणाच्या ते वाचून दाखवले. पाचवीच्या पाण्याविषयी आमची खात्री नव्हती; तिच्यापुरते तेवढे ‘बहुधा’ म्हटले.